स्वतंत्र ठेकेदाराची रजा

टायपिंगची परीक्षा पास झाल्यावर तिसऱ्याच आठवड्यात मला भिवंडीत एका ट्रान्सपोर्ट कंपनीत नोकरी लागली. कंपनी म्हणजे सात ट्रक, वडप्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर पत्र्याच्या छपराचं एक ऑफिस, ट्रक उभे करायला समोर मोकळी जागा, आणि आमचे शेठ. सत्तरच्या दशकाची सुरुवातीची वर्षं होती. आम्ही निजामपुऱ्यात राहायचो. वडील लूमच्या कारखान्यात जॉबर होते. बिघडलेले माग ठाकठीक करणं हे त्यांचं काम. आमच्या दोन्ही बाजूंना मागांचा खडखडाट चालायचा, त्यामुळे घरात सगळे जरा वरच्या पट्टीतच बोलायचे. पहिल्याच दिवशी शेठ मला म्हणाले, "पोरी, मी बहिरा नाही."

शेठ इथलेच. त्यांच्या वडिलांचे खाडीत पडाव होते, मालवाहू होड्या; भात आणि गवत भरून मुंबईला जायचे. पुढे खाडी गाळाने भरत गेली, पडाव किनाऱ्याला लागले ते लागलेच. तेव्हा शेठनी जुना ट्रक विकत घेतला आणि तो चालवायला दिघाशी गावाहून एक माणूस आणला. मी नोकरीला लागले तेव्हा त्या गोष्टीला वीस वर्षं होऊन गेली होती. तो ट्रक भंगारात गेला होता, माणूस मात्र होता. त्याला सगळे मामा म्हणायचे. मीही म्हणू लागले.

मामा उंच, सडसडीत, खाकी शर्टाची वरची दोन बटणं कायम उघडी. शाळेत दोन वर्षं गेलेले. मैलाच्या दगडावरची गावांची नावं वाचण्यापुरती आणि सही करण्यापुरती अक्षरं त्यांना येत. त्यापुढे सगळं कानावर. ट्रक फाटकातून आत शिरतानाच ते सांगायचे, "याच्या मागच्या स्प्रिंगचा पाटा गेलाय बग." आणि तो गेलेलाच असायचा. एकदा आमच्या गल्लीतल्या कारखान्यात सुताच्या पेट्या उतरवायच्या होत्या. दुसरे ड्रायव्हर गल्लीच्या तोंडाशी ट्रक थांबवून हमालांकरवी पेट्या वाहायचे. मामांनी अख्खी गल्ली ट्रक उलटा आणला. दोन्ही बाजूंना वीतभर जागा. बायका दोरीवरचे कपडे काढत होत्या आणि मामा खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणत होते, "राहू द्या, राहू द्या, मी लावत न्हाय त्यांना हात." आमच्या दारासमोर आल्यावर त्यांनी आईला विचारलं, "बायची आई तुमीच का? पोरगी चांगलं काम करते हां." आई आठवडाभर ते सांगत होती.

मला ते 'बाय' म्हणत. नाशिककडून आले की टेबलावर पेरू नाहीतर द्राक्षांचा पुडा ठेवायचे आणि काही न बोलता निघून जायचे.

दुसऱ्या वर्षी एक सरकारी निरीक्षक ऑफिसात आले. त्यांनी चहा घेतला आणि शेठना शांतपणे विचारलं, हजेरीबुक कुठे आहे, ड्रायव्हर दिवसाला किती तास गाडी चालवतात, आठवड्याची सुट्टी कोणत्या वारी देता. शेठ प्रत्येक प्रश्नाला "आमचं घरच्यासारखं आहे साहेब" एवढंच म्हणत होते. निरीक्षक म्हणाले, घरच्यासारखं असू द्या, पण कायदा आहे, सगळं लिहून ठेवावं लागेल.

शेठ घाबरले. दुसऱ्याच दिवशी ते कल्याणच्या एका वकिलाला घेऊन आले. वकिलांनी तोडगा काढला. ड्रायव्हरना नोकर म्हणून ठेवायचंच नाही. प्रत्येकाशी करार करायचा की हा माणूस स्वतंत्र ठेकेदार आहे, तो प्रत्येक खेपेसाठी मालकाकडून ट्रक घेतो, आपल्या जबाबदारीवर माल पोचवतो आणि खेपेचा मोबदला घेतो. नोकरच नाहीत म्हटल्यावर हजेरीबुक कशाला आणि सुट्टी कसली! वकील खिडकीशी उभं राहून सांगत होते आणि मी टाइप करत होते. सात करार, प्रत्येकाच्या तीन प्रती. कार्बन लावताना माझी बोटं निळी झाली. काय टाइप करते आहे याचा मी विचारही केला नाही. समास नीट आलाय ना, एवढंच बघत होते.

सह्या करायला ड्रायव्हर जमले. आपण ठेकेदार झालो याची त्यांना मोठी गंमत वाटली. एकमेकांना "या ठेकेदार, बसा ठेकेदार" चाललं होतं. मामांनी सावकाश सही केली आणि सगळे गेल्यावर माझ्या टेबलापाशी आले.

"बाय, यात लिवलंय काय?"

मी वाचून दाखवलं.

"स्वतंत्र म्हंजे?"

"म्हणजे तुमचे तुम्ही मालक."

मामा विचारात पडले. "गाडी शेठची. डिझल शेठचं, टायर शेठचं. माल शेठनं ठरवला, जायाचं कुटं ते पन शेठ सांगनार. मंग मी मालक कशाचा? हॉर्नचा?"

मला हसू आलं. "असं लिहिलंय खरं."

"लिवलंय ना? मंग उद्यापास्नं चार दिस मी येत न्हाय. आवनी हाय घरी, भात लावायचाय."

आणि खरंच आले नाहीत. दुसऱ्या दिवशी सुरतेचा माल भरून ट्रक उभा, ड्रायव्हर नाही. शेठनी अकरा वाजेपर्यंत वाट पाहिली आणि मग जीप काढून स्वतःच दिघाशीला गेले. दुपारी परत आले ते मामांना शेजारी बसवून. मामांच्या पोटऱ्यांना चिखल तसाच होता. शेठ ओरडत होते, मामा शांत होते.

"न विचारता घरी बसतोस?"

"बायनं वाचून दाखवलं. मी स्वतंत्र हाय."

शेठनी माझ्याकडे असं पाहिलं की मी मशीनमध्ये कोराच कागद घालून टाइप करायला लागले. मग ते म्हणाले, "आजपासून ज्याला सुट्टी पाहिजे त्याने अर्ज करायचा. लेखी. मी मंजूर केल्याशिवाय कोणी घरी बसायचं नाही." आणि मला म्हणाले, "यांचे अर्ज तू लिही. नाहीतरी तूच शहाणं करतेस त्यांना."

असा तो प्रकार सुरू झाला. मामा येऊन समोरच्या स्टुलावर बसत, कारण सांगत, मी लिहून घेई. "मेहुणीच्या लग्नासाठी तीन दिवस रजा मिळावी." शेठ लाल पेन्सिलीने शेरा मारत: "एक दिवस पुरे. लग्न मेहुणीचं आहे, तुझं नाही." एकदा तापासाठी दोन दिवस मागितले तर शेरा आला: "चार दिवस घे. काढा पाठवतो, तो पी." आणि काढ्याची बाटली खरोखरच दिघाशीला गेली. अर्जाखाली सही करताना मामा दरवेळी म्हणायचे, "लिव बाय, आपला नम्र ठेकेदार." मी ते लिहीत नसे. लिहायला हवं होतं असं नंतर वाटलं.

हे सगळे अर्ज मी भिंतीवरच्या तारेला टोचून ठेवायची.

अपघात झाला तो मार्च महिन्यात, भर दुपारी. मामा कोऱ्या कापडाच्या गासड्या घेऊन नाशिककडे निघाले होते. कसाऱ्याच्या अलीकडे ताडपत्री सुटून फडफडायला लागली म्हणून त्यांनी ट्रक बाजूला घेतला आणि दोर आवळायला वर चढले. दोर तुटला. मामा पाठीवर न पडता डाव्या अंगावर पडले आणि मांडीचं हाड मोडलं. मागून येणाऱ्या एका ट्रकवाल्याने त्यांना उचलून कल्याणला दवाखान्यात आणलं.

निरोप आला तेव्हा शेठ जेवत होते. हात न धुताच उठले. दुसऱ्या दिवशी मीही त्यांच्याबरोबर दवाखान्यात गेले. मामांचा पाय वर टांगलेला, त्याला वजनं बांधलेली. शेजारी मामी बसल्या होत्या, हातातला पदर सारखा पिळत. शेठना पाहून मामा म्हणाले, "शेठ, माल पडला न्हाय ना?" शेठ बाहेरच्या व्हरांड्यात गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत.

पाय तीन महिन्यांनी जमिनीला लागला, पण दोन बोटं आखूड झाला होता. डावा पाय. क्लच दाबायचा पाय. डॉक्टरांनी सांगितलं, आता ट्रक चालवणं नाही.

मामींच्या भावाने ओळखीतून ठाण्याचा एक तरुण वकील गाठला आणि कामगार न्यायालयात नुकसानभरपाईचा अर्ज दाखल केला. नोटीस आली तेव्हा शेठना राग आला नाही, दुखावल्यासारखं झालं. "मला येऊन सांगितलं असतं तर मी नाही म्हटलं असतं का?" असं ते मला दोनदा म्हणाले. पण कल्याणचे वकील म्हणाले, तुम्ही द्याल ते तुमच्या मर्जीने द्या. कायद्याने तो तुमचा नोकरच नाही. आज एकाला दिलंत तर उद्या बाकीचे सहाही जण दारात येतील. करार आहे ना? मग झालं.

जाता जाता त्यांची नजर भिंतीकडे गेली. "त्या तारेवरचे जुने कागद काढून टाका हो. उगाच कचरा." मला म्हणाले, पण पाहिलं शेठकडे. शेठ खिडकीबाहेर पाहत होते.

संध्याकाळी मी कागद तारेवरून काढले. मामांचे अकरा अर्ज होते. माझं अक्षर, त्यांची ती सावकाश केलेली सही, लाल पेन्सिल. बाकीचे कागद मी टोपलीत टाकले. ते अकरा मात्र कपाटाच्या तळाशी, कार्बनच्या डब्याखाली ठेवले. का ठेवले हे त्या वेळी कोणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं.

करारावरची सही मामांचीच आहे, माझ्यासमोर झाली, एवढं सांगायला शेठच्या बाजूने मला साक्षीला बोलावलं. आदल्या संध्याकाळी मी वडिलांना विचारलं, काय बोलू. ते म्हणाले, "जेवढं विचारतील तेवढं सांग. पण विचारलं तर गिळू नकोस."

ठाण्याचं ते न्यायालय मला फार मोठं असेल असं वाटलं होतं. प्रत्यक्षात आमच्या शाळेच्या वर्गाएवढीच खोली होती. मामा काठी घेऊन बाकावर बसले होते. मला पाहून त्यांनी हसून मान हलवली, जणू लग्नातच भेटलो. मी सही ओळखली. मग मामांचा तरुण वकील उठला.

"या करारानंतर मामा कामावर कधी यायचे, कधी नाही, हे कोण ठरवायचं?"

"शेठ."

"त्यांना सुट्टी हवी असली तर?"

"अर्ज करावा लागायचा."

न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "ठेकेदार रजेचा अर्ज करायचा?"

"हो साहेब."

"तुम्हाला कसं माहीत?"

"मीच लिहून द्यायची."

मागे कोणीतरी हसलं. न्यायाधीशांनी विचारलं, ते अर्ज आहेत का. कल्याणचे वकील उठून काहीतरी म्हणाले, ते मला ऐकूच आलं नाही, कानात नुसता मागांसारखा खडखडाट. मी म्हटलं, "आहेत. ऑफिसच्या कपाटात." पुढच्या तारखेला ते हजर करा, असं सांगून न्यायाधीशांनी मला जायला सांगितलं.

येताना मी शेठच्या जीपमधून आले होते. आता कुठल्या तोंडाने बसणार? मी एस.टी.च्या थांब्यावर जाऊन उभी राहिले. थोड्या वेळाने जीप समोर येऊन थांबली. "बस, पोरी."

 खाडीवरच्या पुलावर आल्यावर शेठ म्हणाले, "कागद फाडले का नाहीस?"

"तुम्ही सांगितलं नव्हतंत, शेठ. वकीलसाहेबांनी सांगितलं होतं. मी तुमच्याकडे नोकरीला आहे, त्यांच्याकडे नाही."

शेठनी गियर बदलला. जीप त्यांनी आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आणली.

पुढच्या तारखेला अर्ज वाचून दाखवले गेले. मेहुणीच्या लग्नाचा शेरा आला तेव्हा न्यायाधीशांनी रुमाल तोंडाला लावला. मग शेठची उलटतपासणी सुरू झाली. तरुण वकील मवाळ आवाजात विचारत होता. ट्रक कुठे न्यायचा हे मामा ठरवायचे का? एखादी खेप नको म्हणायचे का? त्यांनी आपल्याऐवजी दुसरा ड्रायव्हर पाठवला तर चाललं असतं का? शेठ पढवल्याप्रमाणे "ते स्वतंत्र होते, ते स्वतंत्र होते" म्हणत राहिले. मग वकील म्हणाला, "म्हणजे तुमचा या माणसाशी काही संबंधच नव्हता. रस्त्यावरून जाणाऱ्या कोणालाही तुम्ही ट्रक दिला असतात."

शेठ लाल झाले. चिडले की त्यांची शहरी भाषा गळून पडायची आणि घरची बोली बाहेर यायची. "कोनालाबी? माजी गारी मी कोनालाबी दीन? वीस वर्सं झाली, माजा मानूस हाय तो!"

 कल्याणच्या वकिलांनी हातातली फाइल मिटली. न्यायाधीश म्हणाले, "हे लिहून घेतो." शेठ मामांकडे पाहत उभे होते आणि मामा जमिनीकडे पाहत होते. मामांच्या डोळ्यांत पाणी होतं.

निकाल लागला: मामा नोकरच होते, भरपाई द्यावी. कल्याणचे वकील हायकोर्टात जाऊ म्हणाले. शेठ म्हणाले, "बस झालं."

त्यानंतर पंधरा-वीस दिवस शेठ माझ्याशी कामापुरतं बोलत. मग एक दिवस त्यांनी मामांना बोलावून घेतलं. मामांच्या जागी ठेवलेले नवे ड्रायव्हर गिअरबॉक्स खाऊन टाकत होते, दोर बांधण्यात ढिलाई करत होते. शेठ मामांना म्हणाले, "तू इथे बसून गाड्या सोड. दोर तपास, ताडपत्री तपास, पोरांना शिकव."

मामा म्हणाले, "येतो. पन कागद पायजे."

"कसला?"

"नोकर असल्याचा."

शेठ माझ्याकडे वळले. "कर टाइप."

मी नेमणुकीचं पत्र टाइप करायला घेतलं. पद काय लिहायचं यावर दोघांची बरीच हुज्जत झाली. शेठ 'सुपरवायझर' म्हणत होते, मामांना 'ड्रायव्हर' हा शब्द त्यात हवाच होता. शेवटी 'हेड ड्रायव्हर' लिहिलं. मामा माझ्या खांद्यावरून डोकावून ती अक्षरं लावत होते. मग एकदम म्हणाले, "बाय, तुजा कागद कुटं हाय?"

माझी बोटं थांबली. मला त्या ऑफिसात चार वर्षं झाली होती. सात जणांचे करार मी टाइप केले, मामांचे अकरा अर्ज लिहिले, कोर्टात जाऊन आले, आणि माझ्या नावाचा चिठोराही कुठे नव्हता. मी नोकर होते, ठेकेदार होते की कोण होते, कोणी लिहिलंच नव्हतं.

 मी मशीनमधून मामांचं पत्र काढून घेतलं, दुसरा कागद घातला आणि माझं पत्र टाइप केलं. नाव, पद, रुजू झाल्याचा महिना, आठवड्याची सुट्टी रविवार. दोन्ही कागद एकावर एक ठेवून शेठसमोर नेले. शेठनी पहिल्यावर सही केली. दुसरा वाचला. चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाचला.

"हे कोणी सांगितलं?"

मामा छताकडे बघत होते.

"सुट्टी रविवारी नको," शेठ म्हणाले. "शुक्रवारी घे. शुक्रवारी लूम बंद, माल नसतो." त्यांनी रविवार खोडून शुक्रवार लिहिलं, तेही लाल पेन्सिलीने, आणि सही केली.

बाकी ड्रायव्हरचं एकदम काही बदललं नाही. तिघांना वर्षभरात पत्रं मिळाली, तीही मामा रोज सकाळी शेठच्या मागे लागले म्हणून. एक जण सोडून गेला. दोघांनी मिळून कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला आणि ते खरोखरच ठेकेदार झाले. त्यांना कधी भेटलं की डोळ्यांवर झोप असायची. विचारलं तर म्हणायचे, "आता स्वतःचंच आहे ना."

आणखी तीन वर्षांनी माझं लग्न ठरलं, कल्याणला. मी राजीनामा दिला, रीतसर, लेखी. शेठनी तो हातात घेऊन "नामंजूर" असा शेरा मारला आणि मग स्वतःच हसले. लग्नानंतर माझं कपाट, पलंग आणि आरसा कल्याणला पोचवायला त्यांनी ट्रक दिला. ट्रक चालवायला नवीन पोरगा होता. मामा काठी टेकत सामान लावायला आले. मामा सांगत होते गादीची घडी आरशाच्या मागे लाव, शेठ म्हणत होते पुढे लाव, आणि दोघांचं एकमत होत नव्हतं. शेवटी दोर मामांनी स्वतः बांधला आणि ते डावीकडच्या सीटवर चढून बसले.

रस्ताभर मी मामा आणि त्या पोराच्या मध्ये बसले होते. दर खड्ड्याला मामा डावा पाय दाबायचे, समोर क्लच नसताना, आणि त्या पोराला म्हणायचे, "हळू रे, हळू. मागं बायचा आरसा हाय."